युद्धावर एक वाक्य बोललं तर माणसाला एवढी किंमत का मोजावी लागते

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. ११ तारीख, रविवार. माझी भाची सुट्टीला गोव्यात म्हापशाला आमच्याकडे आलेली, आणि सकाळी पाववाल्या पोदेराकडून घेतलेले उंडे चहात बुडवून खाता खाता तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "मावशी, ह्या माणसानं नेमकं केलंय काय गं?"

स्क्रीनवर विक्रम मिस्री होते, आपले परराष्ट्र सचिव. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी टीव्हीवर येऊन सांगितलं होतं की भारत आणि पाकिस्तान दोघांनी गोळीबार थांबवायचं ठरवलंय, संध्याकाळी ५ पासून. बास, एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या अकाउंटखाली शिव्यांचा ढीग, गद्दार काय, विकला गेला काय, लोक त्यांच्या मुलीपर्यंत पोचले, शेवटी त्यांना अकाउंट लॉक करावं लागलं. सनदी अधिकाऱ्यांच्या संघटना त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या पण तोपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं.

भाचीचा प्रश्न बरोबर होता, कारण त्या माणसानं स्वतःचं मत सांगितलंच नव्हतं. परराष्ट्र सचिव म्हणजे नोकरदार माणूस, निर्णय सरकारचा, बोलणं झालं दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांचं, आणि ह्यांनी फक्त वाचून दाखवलं. मग राग त्यांच्यावर का? तर बघा, पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर दोन्ही देशांची लढाई जुंपलेली, चार दिवस रात्रंदिवस टीव्हीवर हे पडलं ते पडलं चाललेलं, त्यातलं कितीतरी नंतर खोटं निघालं, पण लोक त्या भरात होते, आता काहीतरी मोठं होणार म्हणून जागे बसलेले, आणि अचानक एक चेहरा येतो आणि सांगतो की थांबलं. रागाला धरायला चेहरा लागतो. सरकार हे काही चेहऱ्यासारखं समोर दिसत नाही, फायलीवर सही कोणाची ते दिसत नाही, दिसतो तो सांगणारा.

तेव्हा तिला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण दर काही महिन्यांनी कोणीतरी नट, खेळाडू, प्राध्यापक, मंत्री युद्धावर काहीतरी बोलतो, लोक तुटून पडतात, आणि आपण गावच्या ग्रुपवर दोन गट पाडून भांडत बसतो पण आत चाललेलं काय असतं ते कळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे अशा युद्धात नावावरूनच भांडण असतं. लांब कशाला जायचं, आपलंच घ्या. १९ डिसेंबर १९६१ हा आपला गोव्याचा मुक्तिदिन, भारतीय फौजेनं पोर्तुगीजांना घालवलं तो दिवस, शाळेत झेंडा, सुट्टी, स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार. पण तेव्हा पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये त्याच घटनेचं नाव होतं आक्रमण. १८ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्ताननं ठराव आणला की भारतानं सैन्य मागे घ्यावं, ठरावाच्या बाजूनं ७ मतं पडली आणि विरुद्ध ४, सोव्हिएत रशियाचा नकाराधिकार होता म्हणून तो अडला. आणि आपल्याच देशात राजाजींनी, म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या भारतीय गव्हर्नर जनरलनी, ह्या कारवाईवर जाहीर टीका केली, त्यांचं म्हणणं की आता दुसऱ्याच्या लष्करी बळाविरुद्ध बोलायचा नैतिक अधिकार आपण घालवला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खूप राग आला होता. साडेचारशे वर्षं ज्यांनी काढली त्यांना काय वाटतं ते ह्यांनी विचारलं का, असं वाटलं, आणि आजही मला त्यांचं ते मत पटत नाही. पण ते बोलले, लोकांनी त्यांना उत्तरं दिली, आणि त्यासाठी त्यांना कोणी तुरुंगात टाकलं नाही. हा फरक नीट धरून ठेवा, पुढे लागेल.

कारण त्याच्या सात-आठ वर्षं आधी आपल्याच म्हापशाच्या एका सर्जननं, डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी, १७ फेब्रुवारी १९५४ ला एका पोर्तुगीज न्यायाधीशाच्या निरोपाच्या जेवणात, कोणीतरी भाषणात गोवा म्हणजे पोर्तुगालच असं म्हणाल्यावर, तिथल्या तिथे म्हटलं की मी निषेध करतो. एवढंच. त्यांना अटक झाली आणि थेट पोर्तुगालला नेऊन कैदेत टाकलं. जेवणाच्या टेबलावरचं एक वाक्य. म्हापशात वाढलेल्या पोरांना ही गोष्ट माहीत नसते ह्याचं मला वाईट वाटतं.

आणि त्याच काळातला दुसऱ्या बाजूचा माणूस बघा, शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचा हुकूम होता की शरण जायचं नाही, एकतर जिंका नाहीतर मरा. भारताच्या फौजेपुढे त्याच्याकडची फौज म्हणजे काहीच नव्हती. त्यानं १९ डिसेंबरला शरणागती पत्करली, आणि परत गेल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं, १९७४ ला तिथली राजवट पडल्यावर कुठे त्याला मान परत मिळाला. म्हणजे मायदेशात गद्दार ठरला तो ज्या निर्णयामुळे, त्याच निर्णयामुळे इथली किती घरं शाबूत राहिली. एकच कृती, ऐकणारा कुठे उभा आहे त्यावर तिचं नाव बदलतं.

नावावरून शिक्षा कशी होते ह्याचं आत्ताचं उदाहरण रशियाचं. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला, तिथलं सरकार त्याला युद्ध म्हणत नाही, विशेष लष्करी कारवाई म्हणतं, आणि ४ मार्चला त्यांनी कायदा केला की सैन्याबद्दल खोटी माहिती पसरवली तर १५ वर्षांपर्यंत कैद. खोटी म्हणजे काय, तर सरकार म्हणतं त्यापेक्षा वेगळी. मॉस्कोत अलेक्सी गोरिनोव्ह नावाचे एक नगरसेवक, आपल्याकडे वॉर्डाचा पंच असतो तसे. त्यांच्या बैठकीत विषय निघाला मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा. ते म्हणाले की तिकडे युद्धात मुलं मरतायत, आपण स्पर्धा कसली घेतो. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. मोरजीला गेलं की रशियन भाषेतली मेनू कार्डं दिसतात, हरमलला इस्रायली पोरं सैन्यातली नोकरी संपवून महिना महिना राहतात, आपण त्यांना नारळपाणी विकतो, स्कूटर भाड्यानं देतो, आणि ही माणसं घरी काय बोलू शकतात काय नाही हे आपल्या डोक्यातही येत नाही.

आता दुसरी गोष्ट, वेळ. हे फार महत्त्वाचं आहे. युद्ध सुरू होताना, पहिल्या काही आठवड्यांत, वेगळं बोलायची जागा एकदम आकसते, कारण लोक घाबरलेले असतात आणि घाबरलेला माणूस आधी हेच बघतो की आपला कोण आणि परका कोण. १० मार्च २००३ ला लंडनच्या एका कार्यक्रमात डिक्सी चिक्स ह्या अमेरिकन बँडची गायिका नॅटली मेन्स म्हणाली की आमचा राष्ट्राध्यक्ष टेक्सासचा आहे ह्याची आम्हाला लाज वाटते. ती स्वतः टेक्सासची. दहा दिवसांत इराकवर हल्ला सुरू झाला. अमेरिकेतल्या रेडिओ स्टेशनांनी त्यांची गाणी वाजवणं बंद केलं, लोकांनी सीड्या आणून रस्त्यात तुडवल्या, जीवे मारायच्या धमक्या आल्या. आणि ज्या शस्त्रांच्या नावानं युद्ध केलं ती शस्त्रं इराकमध्ये सापडलीच नाहीत, लोकांचं मत हळूहळू फिरलं, आणि २००७ ला त्याच बँडला पाच ग्रॅमी मिळाले. वाक्य तेच होतं, मध्ये चार वर्षं गेली.

महंमद अलीचंही तसंच. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्यानं २८ एप्रिल १९६७ ला नकार दिला, त्याच दिवसापासून त्याचा परवाना आणि किताब जायला सुरुवात झाली, जूनमध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, जामिनावर बाहेर होता पण रिंगमध्ये उतरायला मिळेना, साडेतीन वर्षं. २५ ते २८, बॉक्सरचं सगळ्यात चांगलं वय. १९७१ ला सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली, निकाल देणाऱ्या आठही न्यायाधीशांनी एकमतानं. पण ती वर्षं कोर्ट कुठून परत देणार? नंतर त्याला हिरो म्हणणारे खूप झाले, आणि हे बरंच आहे, पण तेव्हा किती जण होते हे विचारायला पाहिजे.

तिसरी गोष्ट आहे ती रोजीरोटीची. बोलणाऱ्याची दोरी कोणाच्या हातात आहे ते बघा म्हणजे अर्धं कोडं सुटतं. गाझाच्या युद्धात हे अगदी उघड दिसलं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलमध्ये शिरून सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, त्यानंतर इस्रायलनं गाझावर जे केलं त्यात हजारोंनी माणसं मेली, लहान मुलं मेली, आणि जगभर प्रत्येकाला विचारलं जाऊ लागलं की तू कोणाच्या बाजूचा. मेलिसा बरेरा नावाच्या अभिनेत्रीनं गाझाबद्दल पोस्ट टाकल्या आणि नोव्हेंबरमध्ये निर्मात्यांनी तिला सिनेमातून काढलं. दुसरीकडे इस्रायलच्या बाजूनं उभा राहिलेला अमेरिकन विनोदवीर जेरी साइनफेल्ड २०२४ च्या मे मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या पदवीदानाला बोलायला उठला तर काही विद्यार्थी उठून चालते झाले. दोन्हीला आपण राग म्हणतो, पण नीट बघा, विद्यार्थी उठून गेले हा निषेध झाला, साइनफेल्डचं भाषण झालंच, त्याचं काम गेलं नाही. काम गेलं ते ज्याच्या हातात चेकबुक आहे त्यानं ठरवल्यावर. निर्माता, स्पॉन्सर, देणगीदार, हे लोक रागावलेले असतातच असं नाही, त्यांना नुकसानीची भीती असते, आणि त्या भीतीचा निर्णय रागापेक्षा लवकर होतो.

हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांच्या अध्यक्षांना तर भाषेनंच खाल्लं. ५ डिसेंबर २०२३ ला अमेरिकन संसदेच्या समितीपुढे विचारलं, ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं हा तुमच्या नियमांचा भंग आहे का, आणि त्या म्हणाल्या की ते संदर्भावर अवलंबून आहे. वकिलाला विचारलं तर हे उत्तर कदाचित बरोबर असेल, पण ज्याच्या घरी माणूस गेलंय त्याच्या कानाला ते कसं लागलं असेल? पेनच्या लिझ मॅगिल चार दिवसांत गेल्या, हार्वर्डच्या क्लॉडिन गे २ जानेवारीला, त्यांच्यावर मधल्या काळात वाङ्मयचौर्याचे आरोपही झाले होते.

इथे मला आमच्या घरातली गोष्ट सांगायची आहे कारण हा विषय मला तिथून कळला. माझे मामा १९९० ला कुवेतमध्ये होते, एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला. आमच्या बार्देश तालुक्यात त्या काळी दर दोन-तीन घरं सोडून कोणीतरी आखातात किंवा तारवार, म्हणजे जहाजावर, असायचंच. २ ऑगस्टला इराकच्या सद्दामनं कुवेत घेतलं आणि फोन बंद. आजी रोज देवळात जायची, आणि माझ्या आईला सांगायची की रेडिओ जरा मोठा कर.

त्याच महिन्यात आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, आणि सद्दामनं त्यांना मिठी मारली. तो फोटो जगभर गेला. शेजारचा देश गिळलेल्या हुकूमशहाच्या गळ्यात पडणारा भारताचा मंत्री, अशी केवढी टीका झाली, आपल्याकडे आणि बाहेरही. टीका करणारे चुकीचे होते असं मी म्हणणार नाही, कुवेती माणसाच्या जागी राहून बघितलं तर तो फोटो जखमेवर मीठच. भारतानं तेव्हा इराकचा निषेध ठणकावून केला नाही ही गोष्टही खरी. पण त्या भेटीनंतर आपल्या लोकांना बाहेर पडायला वाट मिळाली, कुवेतहून इराकमार्गे बसनं जॉर्डनला, अम्मानला, आणि तिथून एअर इंडियाची विमानं, दोन महिन्यांत १ लाख ७० हजारांच्या आसपास माणसं आणली. त्यात माझे मामा. मुंबईहून रात्रीच्या बसनं आले, अंगावर एक शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, दाढी वाढलेली, आजीनं आधी ओळखलंच नाही.

मामांना कोणी त्या फोटोबद्दल विचारलं तर ते शांतपणे सांगतात, अम्मानच्या वाळवंटात तंबूत मी सोळा दिवस होतो, मला घरी कोणी आणलं तेवढं मला माहीत आहे. आमच्या घरात त्या मिठीचा अर्थ एक, कुवेतमधल्या घरात दुसरा, आणि दोन्ही खरे. टीकेची झोड उठते तेव्हा मी हेच बघायचा प्रयत्न करते की हे वाक्य ऐकणाऱ्याच्या घरात कोण आहे, कोण अडकलंय, कोण गेलंय. फोटो मात्र अर्थ सांगत नाही, तो फक्त राहतो. अमेरिकन अभिनेत्री जेन फोंडाला विचारा, व्हिएतनामचं युद्ध चालू असताना ती १९७२ ला शत्रूच्या राजधानीत, हनोईला जाऊन विमानविरोधी तोफेवर बसली, १९८८ ला टीव्हीवर सैनिकांची माफी मागितली, तरी कित्येक अमेरिकन सैनिकांनी तिला शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि ज्यांचे सोबती अशा तोफांनी पाडले त्यांना मी काय सांगणार.

आता कायद्याचं, कारण भाचीनं विचारलं की आपल्याकडे बोललं तर अटक होते का. राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये बोलायचं स्वातंत्र्य आहे आणि त्याच कलमात बंधनंही आहेत, देशाची सुरक्षा, एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था, दुसऱ्या देशांशी संबंध वगैरे. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातलं कलम १५२ देशाच्या सार्वभौमत्वाला धोका आणणाऱ्या कृतीचं आहे. आमच्या ह्या बोलण्यानंतर आठवड्यानं ह्याच कलमाखाली अशोका विद्यापीठाच्या प्रा. अली खान महमूदाबाद यांना अटक झाली. त्यांनी लिहिलं होतं की लढाईची माहिती पत्रकारांना देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशींचं कौतुक होतंय ते चांगलं आहे, पण जमावाच्या हातून मारल्या जाणाऱ्यांसाठीही लोकांनी बोलावं. तक्रारदारांत एका गावचे सरपंच होते. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टानं अंतरिम जामीन दिला, पण ह्या विषयावर लिहायचं नाही अशा अटीवर, आणि कोर्टानं त्यांच्या शब्दांवरही नाराजी दाखवली. त्याच दिवसांत मध्य प्रदेशचे मंत्री विजय शाह त्याच कर्नल कुरेशींबद्दल त्यांच्या धर्मावरून अत्यंत घाणेरडं बोलले, तिथे हायकोर्टानं स्वतःहून दखल घेऊन गुन्हा नोंदवायला लावला. एका प्राध्यापकाला अटक आणि मंत्र्याला नाही, हे मला पटलं नाही आणि मी ते ग्रुपवरही लिहिलं, दोघा-तिघांनी मला सुनावलं, सुनावू देत, तो त्यांचा हक्क.

म्हणजे सगळी टीका एका मापात मोजता येत नाही. विजय शाहांवर लोक चिडले ते चिडायलाच पाहिजे होतं, एका सैनिक बाईचा अपमान झाला होता. पण पहलगामला ज्या नौदल अधिकाऱ्याला मारलं त्यांच्या पत्नीनं, हल्ला झाला तेव्हा लग्नाला आठवडाही झाला नव्हता, फक्त एवढं म्हटलं की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता आणि न्याय हवाय, आणि लोकांनी तिलाही सोडलं नाही. दाभोळीला नौदलाचा तळ आहे, वास्कोत नेव्हीची किती कुटुंबं राहतात. माझ्या ओळखीच्या एका नेव्हीवाल्याची बायको त्या आठवड्यात मला म्हणाली की आता आम्ही काय रडायचं ते पण लोकांना विचारून का. मला तिला उत्तर देता आलं नाही.

आणि गप्प बसलं तर सुटका होते असंही नाही. २०२४ च्या मे मध्ये न्यूयॉर्कला मेट गाला हा फॅशनचा बडा सोहळा झाला आणि गाझाबद्दल गप्प राहिलेल्या सेलिब्रिटींना लोकांनी ठरवून ब्लॉक करायला सुरुवात केली. नीरज चोप्रानं तर काही बोललंच नव्हतं, बंगळुरूच्या भालाफेक स्पर्धेचं आमंत्रण पाकिस्तानच्या अर्शद नदीमला पाठवलं होतं तेही पहलगामच्या हल्ल्याच्या आधी, तरी त्याच्या देशभक्तीवर प्रश्न, त्याच्या आईला शिव्या. जो पोरगा तिरंगा पांघरून मैदानभर धावला त्याला लेखी खुलासा द्यावा लागला.

त्याच रविवारी दुपारी माझ्या मावसभावाचा फोन आला, तो तारवार आहे. २०२३ च्या शेवटी येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यापासून त्यांचं जहाज तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून जायचं, दहा-बारा दिवस जास्त. भाचीनं त्याला स्पीकरवर घेतलं आणि विचारलं की तुमच्याकडे ह्या सगळ्यावर बोलतात का. तो म्हणाला, आमचा कॅप्टन युक्रेनचा, सेकंड इंजिनियर रशियन, कुक मंगळूरचा, बाकी फिलिपिनो, जेवताना मेसमध्ये कोणी युद्धाचं नाव काढत नाही, फुटबॉल लावतात. मग जरा थांबून म्हणाला, बाय, तू परवा ते काहीतरी टाकलंस ना पाकिस्तानवरचं, त्यात मला टॅग केलंयस, ते काढशील? आमच्या एजंटच्या ऑफिसात कराचीचे लोक आहेत, माझं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टला संपतं.

तिनं हो म्हटलं, फोन ठेवला, आणि ती पोस्ट शोधायला बराच वेळ लागला कारण त्यानंतर तिनं आणखी पंधरा-वीस टाकल्या होत्या.